नोराच्या गळ्यात पडलेली केळ

नोरा ऑग्डेनला झाडांचं वेड कधीच नव्हतं. ते होतं तिच्या नवऱ्याला. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या बस डेपोतून निवृत्त झाल्यावर क्लिफर्डनं घरामागच्या चिंचोळ्या अंगणात काचघर उभं केलं, आणि शेजारपाजारच्यांसारखे टोमॅटो लावायचे सोडून त्यात केळ, जास्वंद आणि बोगनवेल आणून ठेवली. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. लोकरीच्या गिरणीत नोरा आणि मी एकाच खात्यात होतो. ती भिंतीवरून मला म्हणायची, "एडिथ, या माणसाला यॉर्कशायर पुरत नाही गं."

थंडी पडली की क्लिफर्ड काचघरात रॉकेलची शेगडी लावायचा. वात कापायची, टाकी भरायची, ज्योत निळी आहे ना बघायचं, हे सगळं तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. गेल्या डिसेंबरात रॉकेलचा डबा घेऊन जाताना तो बर्फाळ फरशीवर घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवत असतानासुद्धा तो ओरडत होता, "नोरा, शेगडी विझू देऊ नकोस! आणि फटी बुजव, सगळ्या फटी बुजव!"

"आधी स्वतःचं बघ," नोरा म्हणाली. पण त्याच संध्याकाळी ती काचघरात गेली.

पहिले काही दिवस तिची नुसती दमछाक झाली. वात वाकडी कापली गेली की ज्योत पिवळी व्हायची आणि काजळी धरायची. काचांना आतून लावलेलं प्लास्टिक ओलाव्यानं सुटून तिच्या डोक्यावर पडायचं. दार थिजून बसलं की किटलीतलं गरम पाणी ओतून ते उघडायचं. बोटं फुटली, कोटाला रॉकेलचा वास लागला. बसमध्ये शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली, तेव्हा नोराला रडू आलं.

आणि हे सगळं उरकून दवाखान्यात जावं, तर क्लिफर्डचा पहिला प्रश्न ठरलेला. "केळ कशी आहे?"

एकदा मीही बरोबर होते. नोरानं त्याच्यासाठी घरून मांसाचं सारण भरलेली पाई भाजून आणली होती, अजून कोमट होती. क्लिफर्डनं ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "जास्वंदीची पानं गळतायत का?"

"माझे केस गळतायत," नोरा म्हणाली. "ते विचार की."

"थट्टा नको. रात्री पारा आणखी उतरणार आहे म्हणे. वारा आत येता कामा नये."

नोरानं त्याचा शब्द न् शब्द पाळला. घरी येऊन जुने टॉवेल, क्लिफर्डचे फाटके स्वेटर, सापडेल ते तिनं दाराच्या आणि छताच्या फटींत कोंबलं. छतातली हवेची छोटी खिडकीही बांधून टाकली. टाकी काठोकाठ भरली.

सकाळी तिची हाक ऐकून मी धावले. शेगडी विझली होती. आत सगळं काळं झालं होतं. पानं, काचा, कुंड्या, सगळ्यावर तेलकट काजळीचा थर. केळीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. आत हवाच न उरल्यामुळे ज्योत आधी धुरकटली आणि मग गुदमरून विझली, आणि मागोमाग गारठा शिरला.

दुपारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो आणि तिनं क्लिफर्डला सरळ सांगून टाकलं. तो उशीवरून उठायला गेला आणि कळ येऊन पुन्हा पडला. "अगं, छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची असते! शेगडीला श्वास नको का?"

"तू म्हणालास, सगळ्या फटी बुजव!"

"ती फट नाही, ती खिडकी आहे!"

"मग सांगायचं होतंस!" नोराचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "रोज केळीचं विचारलंस, शेगडीचं विचारलंस. एकदा तरी विचारलंस, नोरा, तू जेवलीस का?"

नर्स येऊन म्हणाली, "आजी, जरा हळू." नोरानं कालपासून तसंच पडलेलं पाईचं ताट उचललं आणि आम्ही निघालो. बस स्टॉपवर तिनं ती थंड पाई माझ्याबरोबर वाटून खाल्ली.

फेब्रुवारीत क्लिफर्ड कुबड्या घेऊन घरी आला. जास्वंद गेली होती, बोगनवेलीच्या काटक्या उरल्या होत्या. केळ त्यानं बुडाशी दाबून पाहिली आणि म्हणाला, "खाली अजून टणक आहे." त्यानं सांगितलं म्हणून नोरानंच ती मातीलगत कापली. वॉर्डातल्या त्या दुपारचा विषय त्यानं काढला नाही, आणि आपलं चुकलं असंही तो कधी म्हणाला नाही.

जूनमध्ये कुंडीतून हिरवी सुरळी वर आली. क्लिफर्डनं आनंदानं हाक मारली. नोरा बाहेर आली, तिनं ती सुरळी पाहिली आणि दाराच्या पायरीवर मटकन बसली.

"ही मेली नाही, एडिथ," ती मला म्हणाली. "ही काही मरत नाही."

क्लिफर्डला अजून वाकता येत नाही. त्यामुळे यंदाही नोव्हेंबर लागल्यापासून नोराच रॉकेल भरते. आज सकाळी काचघराचं दार दोनदा आपटल्याचं मी ऐकलं. नंतर नोराचा आवाज आला. ती त्या केळीवर ओरडत होती, आणि घरातून क्लिफर्ड विचारत होता, खिडकी उघडलीस ना?