घर न सापडलेल्यांचा डबा

भद्रकालीत आमच्या घरासमोर भाऊंची पत्र्याची शेड होती. जुन्या मोटारसायकलींची इंजिनं खोलून ते सुटे भाग गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळे लावत. भाग रॉकेलमध्ये धुवायचा, त्याच्या दातांवरून नख फिरवायचं आणि कुठल्या गाडीचा ते कळलं की पुटपुटायचं, "चल, तुझं घर सापडलं." ज्याचं सापडत नसे, तो तुपाच्या जुन्या डब्यात जाई. दर शनिवारी डबा पुन्हा उपसायचा.

तेव्हा पन्नाशीतली मी स्वतःला फार विनोदी समजायचे. गॅलरीतून ओरडायचे, "भाऊ, पत्रिका जुळली का?" हसायचे मी एकटीच.

पुढे त्या गाड्यांना कोणी विचारेना. शेड सोडायच्या दिवशी भंगारचा टेम्पो आला. सगळा लावलेला माल त्यांनी चढवू दिला. डब्याला हात लागला तेव्हा मात्र म्हणाले, "तो नको. त्यांचं अजून ठरलं नाही."

डबा घेऊन धापा टाकत ते आमचा जिना चढले. "वहिनी, मुलाच्या फ्लॅटमध्ये हे चालत नाही. ठेवाल?"

जिभेवर आलेला विनोद मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून गिळला.

आता डबा माझ्या पलंगाखाली असतो. शनिवारी ते येतात, एकेक तुकडा फिरवून बघतात, परत ठेवतात. चहा देताना मी विचारते, "पत्रिका?"

"नाही जुळली, वहिनी," म्हणतात, आणि हल्ली थोडं हसतात.