डोकं नसलेले मोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आक्कांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बहुतेक कामं उद्यमबागेतल्या कारखान्यांची. शहापुरात आण्णांचे माग होते. साडीची नक्षी ते स्वतः कॉम्प्युटरवर काढायचे, एकेक धागा बघून. त्यांच्या मशीनमध्ये दोन डिस्क मीच बसवल्या होत्या — दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जाईल अशा. एक गेली तरी दुसरी आहे, असं मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं.

आण्णा गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला बोलावलं. त्यांची शेवटची नक्षी तेवढी काढून दे, म्हणाल्या. तीच विणायची होती. मी फाइल उघडली. पदरावर मोरांची रांग — सुरेख. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर त्याच मोरांना डोकी नव्हती. मानेपर्यंत मोर, आणि वर नुसते विस्कटलेले ठिपके. आणखी एकदा चालू केलं — डोकी परत आली! खोलीत मी एकटाच. बाहेरचे माग बंद. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

भूतबीत काही नव्हतं. दोन डिस्क एकमेकींशी जुळत नव्हत्या. मशीन कधी हिच्यावरचं वाचत होतं, कधी तिच्यावरचं. तपासणी लावली, तिनंही तेच सांगितलं. आता नीट ऐका — दुरुस्ती लावली की मशीन दोन्ही डिस्क सारख्या करतं, पण खरी कुठली हे त्याला कळत नाही. पहिलीवरचं उचलायचं आणि दुसरीवर लिहायचं, बस्स. म्हणून आधी दोन्ही वेगळ्या करून बघायच्या असतात. हे मला ठाऊक नव्हतं? होतं की. डोकी दिसत होती तेव्हाच फाइल पेनड्राइव्हवर उतरवली असती तरी भागलं असतं. पण भूक लागली होती, कंटाळा आला होता — मी दुरुस्ती लावून मोकळा झालो.

त्यानंतर डोकी परत आली नाहीत.

आक्का चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघत राहिल्या.

"त्येनी असंच काढलंय व्हय रं?"

आणि मी — "व्हय आक्का, असंच हुतं," म्हणालो.

त्यांनी ते तसंच विणून घेतलं. एक साडी माझ्या बायकोला दिली. ती सणाला नेसते. घरभर ते मोर माझ्याभोवती फिरतात आणि मला वाटतं — डोकी नसूनही माझ्याकडेच बघतायत. तिला म्हणू तरी काय, नेसू नकोस म्हणून?

पण ते काहीच नाही. एकदा आक्का त्या पदरावरून बोट फिरवत बसल्या होत्या. "उजेड कमी हाय, उजेड कमी हाय म्हणायचे रं. म्या वरडायची त्येंच्यावर. शेजारी बसून माणूस आंधळा होत गेला, आनि मला कळलं न्हाय."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी चहा प्यालो.

आण्णांना शेवटपर्यंत लख्ख दिसत होतं. त्या मोरांचे डोळे त्यांनी किती बारकाईनं भरले होते — मी पाहिलेत. मी एकट्यानंच. आक्का मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला आपली चूक सांगत बसतात, आणि मी समोर असलो तरी ऐकून घेतो.