क्लेमेंटीनबाई आणि खाडीकडचं वारं

गिरीजच्या क्लेमेंटीन तुस्कानो पहिल्यांदा बँकेत आल्या तेव्हा काउंटरवर थांबल्याच नाहीत. थेट माझ्या टेबलापाशी आल्या आणि केळीच्या वाळल्या पानात बांधलेला एक पुडा पुढे ठेवला.

"आधी खाऊन बघा, साहेब. मग कर्जाचं बोलू."

पुड्यात सुकेळी होती. मधाच्या रंगाची, बोटाला किंचित चिकटणारी. वसईच्या वाड्यांत राजेळी केळी पिकली की ती सोलून मांडवावर उन्हात वाळवतात. दिवसभर ऊन द्यायचे आणि सूर्य मावळायच्या आत सगळी उचलून पानांत गुंडाळून घरात घ्यायची. असे आठवडाभर. मांडवावर एकदा दहिवर पडले की बाहेरून काही दिसत नाही, पण आत ओल धरते आणि महिन्याभरात बुरशी येते. हे वसईत लहान मुलांनाही ठाऊक असते.

ही गोष्ट १९७८ सालची. वसई शाखेत शेतीकर्जे माझ्याकडे होती. क्लेमेंटीनबाई तेव्हा चाळिशीच्या असतील. नवरा फ्रेडरिक मुंबईला गोदीत कामाला, त्यामुळे वाडी बाईच पाहत. त्यांना मशीद बंदरचे एक सुक्या मेव्याचे व्यापारी भेटले होते, देढिया नावाचे. सुकेळी खोक्यांत भरून मुंबईच्या दुकानांत विकायचा त्यांचा विचार होता. पण एका घराचा माल त्यांना पुरणार नव्हता. दहा-बारा घरांनी मिळून, एका दर्जाचा माल, ठरल्या भावाने द्यायचा. तसा करार झाला तर बँक त्या घरांना कर्ज देऊ शकत होती. अट एवढीच की गटाने एकमेकांची हमी घ्यायची आणि माल खराब निघाला तर गटानेच ठरवायचे की कोणाला ठेवायचे.

क्लेमेंटीनबाईंनी गिरीज आणि सांडोर पायी पालथे घातले. पापडीच्या बाजारात मिळेल त्या भावाला सुकेळी विकणाऱ्या बायका त्यांनी एकेक करून जमवल्या. शेवटी त्या खाडीच्या बाजूला राहणाऱ्या सत्यवतीकडे गेल्या. तिची आणि तिच्या नवऱ्याची, नथूची, छोटी वाडी होती, बाकी भातशेती. गटातल्या आग्नेसने कुरकुर केली.

"तिकडची कशाला घेतेस? आपल्यातल्या काय कमी आहेत?"

"तिची सुकेळी खाल्लीस?"

"नाही."

"मग तोंड बंद ठेव. मी खाल्ली आहेत."

तोवर प्रत्येक घराची पुडा बांधायची पद्धत निराळी होती. बाजारातले जुने गिऱ्हाईक बांधणी पाहूनच घर ओळखत असे. देढियांना सगळे पुडे सारखे हवे होते, म्हणून क्लेमेंटीनबाईंनी सगळ्यांना स्वतःची बांधणी शिकवली. पहिला हंगाम उत्तम गेला. कर्जे मंजूर होऊ लागली. सत्यवतीनेही अर्ज केला. तिच्या अंगणातली जमीन ओलसर होती. तिला सुकेळी वाळवायला उंच, सिमेंटचा ओटा बांधायचा होता.

दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, क्लेमेंटीनबाईंच्या भाच्याचे, व्हिन्सेंटचे लग्न निघाले. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर पाणी आणायला गेल्या. बाईही गेल्या, नाचल्या, जेवायला थांबल्या. घरी आल्या तेव्हा सुकेळी मांडवावरच होती आणि हाताला ओली लागत होती. त्यांनी ती उचलली, पुढे दोन दिवस जास्तीचे ऊन दिले आणि पुडे बांधून इतरांच्या मालात घातले. थोडी घरच्यासाठी ठेवली.

फेब्रुवारीच्या अखेरीस देढिया स्वतः वसईला आले. सोबत एक खोके. त्यातला पुडा त्यांनी उघडला तर आत हिरवट पांढरी बुरशी.

रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली होती आणि बायका चर्चच्या आवारातच थांबल्या होत्या. गटाची बैठक नेहमी तिथेच, मिसेनंतर होई. ती सगळ्यांना सोयीची होती, चर्चला न जाणारी एक सत्यवती सोडून. तिला आधी निरोप गेला तरच ती येई. त्या दिवशी कोणी निरोप दिला नव्हता. मी देढियांच्या बरोबर होतो.

"जुओ बेन," देढिया म्हणाले, "मला भांडण नाय पायजे. पण भागीदाराला काय सांगू? एक घर सांगा. त्याचा माल बंद. बाकी तुमचा धंदा चालू."

पुडे सारखे, बांधणी सारखी. कोणाचा माल ते कोण सांगणार? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग आग्नेस म्हणाली, "खाडीकडचं वारं दमट असतं बाबा. आमच्या वाडीत असं कधी होत नाही."

"खरंच की," रिटा म्हणाली. "जमीन पण ओली तिची. स्वतःच सांगत होती ना ओटा पाहिजे म्हणून?"

सगळ्या क्लेमेंटीनबाईंकडे वळल्या. बाईंनी पदर सारखा केला. त्या खोक्याकडे पाहत होत्या, देढियांकडे नाही.

"सत्यवतीचंच असेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गटाचे पत्र बँकेत आले आणि सत्यवतीचे नाव कमी झाले. त्याबरोबर तिचा ओट्याचा अर्जही नियमाप्रमाणे बाद झाला.

पुढच्याच आठवड्यात क्लेमेंटीनबाईंनी घरच्यासाठी ठेवलेला पुडा सोडला. आत तीच बुरशी होती. माल आपला नसेलही, या शंकेचा जो काही थोडा आडोसा होता तोही गेला. हे मला पुढे त्यांनीच सांगितले.

सत्यवतीने मात्र आपल्या मनाशी वेगळाच हिशेब मांडला होता. तिला वाटले, गिरीजच्या बायकांनी आपल्याला काढले, पण क्लेमेंटीन आपल्या बाजूने बोलली असणार. तिनेच तर आपल्याला गटात आणले होते. शिवाय त्या हंगामापासून क्लेमेंटीनबाई तिची कच्ची राजेळी केळी बाजारापेक्षा चढ्या भावाने घेऊ लागल्या. सत्यवती एकदा बँकेत आली तेव्हा मला म्हणाली, "सायेब, सगल्या एक बाजूला आनि माझी बाय एक बाजूला. देवमानूस आहे ती." आणि दर पंधरवड्याला नथूच्या हाती ती गिरीजला सुका जवळा पाठवी, निवडून, पाखडून, एक खडा नाही.

"तो जवळा मी शिजवते," क्लेमेंटीनबाई एकदा म्हणाल्या. "फ्रेडरिक चवीनं खातो. मला घास गिळवत नाही."

हे त्यांनी मला सांगितले ते ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, पाम संडेच्या आधी. कुमसार करून, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देऊन, त्या सरळ बँकेत आल्या होत्या.

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, देव माफ करील. पण जिचं नाव घेतलंस तिला तोंडानं सांग." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "साहेब, तिचं नाव परत लावता येईल का? कारण न लिहिता?"

"बाई, नाव कारण लिहून कमी केलंय. लावायचं तर कारण लागेल."

"तुमची बँक पण फादरसारखीच," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

ईस्टर गेला, पावसाळा गेला, तिसरा हंगाम आला. दुखत होते ते नुसते पाप नव्हते. सत्यवतीची माया त्यांना मिळत होती, ती चोरीची होती, आणि खरे बोलले की तीही जाणार होती. त्या काळात त्या मांडवाखाली बसून पुन्हा पुन्हा एकेक सुकेळे दाबून पाहत. संध्याकाळी कुठल्या बारशाला, लग्नाला जाणे त्यांनी सोडून दिले होते. लोक म्हणत, क्लेमेंटीनला धंद्याचं वेड लागलंय.

शेवटी त्यांनी गटाला सांगितले. मिसेनंतर, त्याच आवारात. मग आग्नेस हळूच म्हणाली, "झालं ते झालं. आता कशाला उकरतेस? देढियाला कळलं तर सगळ्यांचं जाईल."

"सगळ्यांचं कसं जाईल? जाईल ते माझं," बाई म्हणाल्या.

"तू प्रमुख. तुझं गेलं की आमचं राहतंय होय!"

बाईंनी ऐकले नाही. देढिया पुढच्या खेपेला बँकेत आले तेव्हा बाईंनी दारातच उभ्या उभ्या सांगून टाकले. देढियांनी चष्मा पुसला.

"कोण सत्यवती?" ते म्हणाले. त्यांना नाव आठवतच नव्हते. "बेन, आता माल बरोबर येतो ने? मग कोणाचं पण नाव लावा नी."

क्लेमेंटीनबाई तिथेच पायरीवर बसल्या. इतके सोपे होते तर, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि त्याने त्या जास्तच खचल्या.

सत्यवतीकडे जाताना त्यांनी मला बरोबर घेतले. अर्ज नव्याने करायचा होता, हे निमित्त. सत्यवती अंगणात जवळा पाखडत होती. बाईंना पाहून हसली, नथूला पाणी आणायला सांगितले. बाईंनी पाणी घेतले नाही. उभ्याच राहिल्या आणि सगळे सांगितले, लग्न, दहिवर, पुडा, चर्चचे आवार. मध्ये एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत.

सत्यवतीचा हात सुपावर थांबला.

"तुला कधी कळलं?"

"नाव घेतलं तेव्हाच आत कुठंतरी ठाऊक होतं. पुडा सोडला तेव्हा खात्री झाली."

"म्हनजे मी जवळा पाठवत होते तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"आनि केळ्याला भाव चढवून देत होतीस, ते त्यापायी?"

"हो."

सत्यवतीने सूप खाली ठेवले. "मी तुझ्यासाठी भांडले," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर सगल्या म्हनत होत्या, ती पन त्यातलीच. मी एकेकीचं तोंड बंद केलं." मग माझ्याकडे वळली. "सायेब, कागद द्या. ओटा मला पायजेच आहे."

तिने सही केली. मी कागद घडी करत होतो तेव्हा क्लेमेंटीनबाई म्हणाल्या, "मी प्रमुखपद सोडते, सत्यवती. गटातूनही जाते. माझ्या जागी तू ये."

"का?" सत्यवतीने सूप उचलले. "तुला घरी बसून सुटायचंय? तू कुठं जाऊ नको. मी येनार आहे बैठकीला. मी आले की तू तिथं पायजेस. समोर बस माझ्या." आणि थोड्या वेळाने, सूप हलवता हलवता, "आनि ती बैठक देवळातून काढा तुमच्या. रविवारची नको. कोनाच्या तरी वाडीत घ्या, म्हनजे निरोप द्यायला कोनी विसरनार नाय."

ओटा त्या एप्रिलमध्ये बांधून झाला. पुढे मी वसईत होतो तोवर गटाची बैठक बुधवारी, पाळीपाळीने एकेकीच्या वाडीत होत असे. क्लेमेंटीनबाई प्रमुख राहिल्या. नवीन माल आला की आधी आपला पुडा सोडून सगळ्यांपुढे ठेवत. सत्यवती त्यातले एक सुकेळे उचलून मोडून पाही, नाकाजवळ नेई आणि पुढच्या बाईकडे देई. बाकीच्या आपसात थट्टामस्करी करत असत. त्या दोघी कामापुरत्या बोलत.

नथू जवळा घेऊन गिरीजला पुन्हा कधी गेला नाही. क्लेमेंटीनबाईंनी मला एकदाच विचारले, "साहेब, तिला मला माफ करायला किती वर्षं लागतील?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही ती माफी लवकर नको आहे," आणि मांडवाकडे गेल्या, कारण ऊन उतरू लागले होते.