मेलेल्या माणसाचा जबाब

निपाणीच्या बाजारात शामूला सगळे ‘साहेब’ म्हणत. दहा वर्षांमागं हाच शामू कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायचा. मग जीएसटी आला, दुकानदार घाबरले आणि त्या भीतीवर शामूचं पोट सुटलं. आता त्याच्याकडं टॅक्स कन्सल्टंटची पाटी होती, एसी होता, फिरती खुर्ची होती आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं, “मॅनेज करू.”

पारमिताला त्या शब्दाची किळस होती. ती बेळगावात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. तिथं आकडा चुकला तर माणसाच्या जिवाशी गाठ. शामूच्या धंद्यात आकडा चुकला की फी वाढायची.

आज ती धाकट्या भावाला, दीपंकरला घेऊन त्याच्यासमोर बसली होती. कारण नोटीस आलेली, तीही वारलेल्या वडिलांच्या, आप्पांच्या नावानं. आप्पांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मशीनसाठी पतपेढीच्या सोसायटीकडून काढलेलं कर्ज थकलं, तेव्हा २०२२च्या डिसेंबरात सोसायटीनं तडजोड करून मुद्दल आणि व्याज मिळून साडेतीन लाख माफ केले. दोन महिन्यांत आप्पा गेले. आता आयकर खातं विचारत होतं, ही रक्कम उत्पन्नात का दाखवली नाही? सगळ्या रकमेवर कर आणि दंड बसला, तर दुकानाचा गाळा विकावा लागणार होता. दीपंकरचं घर त्याच गाळ्यावर चालायचं.

“आप्पांचा नंबर चालू हाय न्हवं?” शामूनं विचारलं.

“हाय की साहेब. दर म्हैन्याला रिचार्ज मारतोय.”

गॅस, रेशन, बँक, सगळ्याचे मेसेज त्याच नंबरवर यायचे, म्हणून घरानं तो बंद केला नव्हता.

“मग झालं! ओटीपी सांग, आप्पांच्या नावानंच जबाब टाकतो. दहा हजार घेऊन ये.”

“शामूअण्णा, आप्पा जाऊन दीड वर्ष झालं,” पारमिता म्हणाली. “ते जबाब कसा देतील?”

“कॉम्प्युटरला काय कळतंय आक्का, कोण मेलंय आन् कोण जित्तं हाय?”

“गेल्या साली रिटर्न कसं भरलं?”

शामू पंख्याकडं बघू लागला. दीपंकर पायाकडं.

तिनं जुन्या रिटर्नच्या प्रती मागून घेतल्या आणि तिथंच उलटल्या. आप्पा फेब्रुवारीत गेले. जुलैत त्यांनी रिटर्न भरलं होतं. ओटीपी दीपंकरनं सांगितला होता. वर सोसायटीला एक पैसा न भरलेलं व्याजही शामूनं वर्षानुवर्षं खर्चात दाखवलेलं.

“न भरलेलं व्याज खर्चात?”

“तवा टॅक्स वाचला का न्हाय? तवा तुझ्या आप्पानं पेढं दिलतं मला!” शामू उखडला. “रक्त काढणाऱ्या बाईनं मला इन्कम टॅक्स शिकवायचा व्हय?”

“आक्का, गप की गं,” दीपंकर पुटपुटला. “साहेबांस्नी राग येतोय.”

पारमितानं भावाकडं पाहिलं. शामू निदान पैशासाठी लबाडी करत होता. हा फुकट वाकत होता.

पुढचे तीन सोमवार तिनं रजा टाकून दाखले देणाऱ्या सरकारी नाडकचेरीत काढले. कन्नडमधला अर्ज स्वतः भरून वारसाचा दाखला मिळवला, पोर्टलवर आप्पांची वारस म्हणून नाव नोंदवलं आणि जबाब स्वतःच्या नावानं लिहिला. वडील वारले आहेत. त्यानंतरचं रिटर्न आमच्या घरातून चुकीनं त्यांच्या नावानं भरलं गेलं. माफ झालेलं व्याज पूर्वी खर्चात दाखवलं होतं, म्हणून ते उत्पन्नात धरावं. मुद्दल मशीनला लागलं, ते कधी खर्चात दाखवलं नव्हतं. ते धरू नये.

“चूक आपणहून सांगायची?” दीपंकर रडवेला झाला. “गाळा घालवतीस तू!”

“गाळा तू जुलैत ओटीपी सांगितलास तेव्हाच घालवत होतास. बस गप.”

चार महिन्यांनी आदेश आला. व्याज धरलं, मुद्दल सोडलं. दुकानाची कमाई आणि ते व्याज मिळूनही आप्पांचं त्या वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं भरतच नव्हतं.

त्या रविवारी शामू गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. “सुटली न्हवं केस? म्हटलं नव्हतं, मॅनेज हुतंय म्हणून? माझं दहा हजार ऱ्हायल्यात.”

दीपंकरचा हात सवयीनं गल्ल्याकडं गेला.

“देऊ की,” पारमिता म्हणाली. “बिल द्या. आप्पा गेल्यावर जुलैत त्यांचं रिटर्न कुणी भरलं, तेवढं त्यावर लिहा आणि खाली सही करा.”

शामूचा फोन वाजला नव्हता. तरी त्यानं तो कानाला लावला आणि “हां साहेब, हां साहेब,” करत तंबाखूच्या वखारीकडं चालू लागला.