तिच्या मापाचे बाण

काहीही लांबट वस्तू हातात आली की तो एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवायचा. ऑफिसातली फूटपट्टी, माझी छत्री, एकदा तर बड्या साहेबांची नवी काठी. "वाकडी आहे," असं सांगून शांतपणे परत द्यायचा. साहेबांना ते आवडलं नाही, हे सांगायला नकोच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला सगळे हसतात आणि डबा मात्र त्याच्याच शेजारी बसून उघडतात.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीत कारकून होतो. मी जरीपटक्याहून बसनं ये-जा करायचो, तो तिथेच क्वार्टरमध्ये राहायचा. त्याचे वडील छिंदवाड्याकडचे गोंड, धनुष्यबाण करणारे. तो हात याच्यात उतरला होता. बांबूच्या काड्या शेगडीवर शेकून सरळ करायचा, मागे पिसं दोऱ्यानं घट्ट बांधायचा. शेगडी अडकली की चहाला उशीर व्हायचा आणि वहिनी कुरकुरायच्या. शेवटी त्यानं वहिनींच्याच हाती धनुष्य दिलं.

त्याचे बाण त्यांना लांब पडत. मग त्यानं छातीपासून बोटांच्या टोकापर्यंत दोरी धरून त्यांचं माप घेतलं आणि त्यांच्यासाठी वेगळे बाण केले. दर रविवारी दोघं कन्हान नदीच्या वाळूत जायची. नवऱ्यानं आता जपून राहावं, असं शेजारच्या बायका म्हणायच्या. एरवी डोक्यावरचा पदर हलू न देणाऱ्या वहिनी तिथे पदर खोचून नेम धरायच्या, आणि लागला की लहान मुलीसारख्या हसायच्या. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्याचा एकच नियम होता. "हातानं बनवलेला बाण टाकून यायचा नसते." वहिनींनी तो फारच मनावर घेतला. हा कंटाळून खाली बसला तरी त्या झुडपं धुंडाळत राहायच्या.

एका रविवारी त्यांचा बाण नदीत पडला. बांबूचाच तो, तरंगत होता. त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. पात्रातून वाळू उपसून उपसून खोल खड्डे झाले होते, ते वरून दिसत नसत. बाणाकडे हात लांबवून त्या एक पाऊल पुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. यानं लगेच उडी घेतली, पण त्या हाती लागल्या तेव्हा उशीर झाला होता.

तेरवीनंतर तो कामावर आला. मी काही विचारलं नव्हतं. फाइल बांधता बांधता तो आपणहूनच म्हणाला, "भाऊ, काठावरून मीच सांगून राहिलो होतो तिले. समोर आहे, अजून थोडं समोर जाय."

मी त्याच्या हातातली फाइल घेतली आणि उरलेली गाठ मारली.

पुढे नोकरी सोडून तो कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. कन्हानचा पूल लागला की मी अजून पाण्याकडे बघायचं टाळतो, कारण तो जाण्याआधी एका संध्याकाळी काळजीपोटी मी त्याच्यामागे नदीवर गेलो होतो. त्याच्याजवळ ना धनुष्य होतं, ना बाण. पाण्याच्या कडेला उभा राहून, घरात बोलावं तसा, तो म्हणत होता, "राहू दे वं. बाहेर ये. मी तुले दुसरा बनवून देतो."