कोपरा फाटलेली कार्डं

अमरावतीहून कार्ड आलं तेव्हा मी शाळेला निघाले होते. कोपरा फाडलेला दिसला आणि मजकूर वाचण्याआधीच कळलं... दौलतभाऊ गेले. असं पत्र वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तीन आठवडे झाले, मी ते फाडलेलं नाही.

दौलतभाऊ मूळचे भातकुलीकडचे, जमीन मोजणीत साखळी ओढायचे. त्यांचे वडील विहिरी खोदायच्या कामावर जात. महिनाभर खपून खोदलेल्या एका विहिरीला खारं पाणी लागलं. शेजारीच एक खारी विहीर पूर्वी बुजवलेली होती, पण ते कोणी सांगितलंच नव्हतं. गोड लागलं असतं तरी वडिलांना तिथं पाणी भरू दिलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पुढे दौलतभाऊ मोजणीला जातील त्या गावातल्या विहिरींची माहिती पोस्टकार्डावर लिहून एका लाकडी पेटीत ठेवू लागले. मग गावोगावचे लोकही कार्डं पाठवू लागले. जागा कुठली, किती हात खोल, पाणी गोड की खारं. कोणीही यावं, पाहावं, उतरवून न्यावं, आपलं कार्ड घालावं. विहीर कोणाची, हे मात्र लिहायचं नाही. "पान्याचं इचारा, मालकाचं काहून?" म्हणायचे.

शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी मी अमरावतीत त्यांच्या शेजारी खोली घेतली होती. त्यांची नजर अधू झाल्यावर टपालाने येणारी कार्डं मीच वाचून दाखवायचे. मला अकोल्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती लाकडी पेटीच माझ्या हवाली केली. "मास्तरीणबाई, आता तुमी पाहा. मले अक्षर दिसून नाई राह्यलं."

मी पहिल्याच रविवारी पेटी आवरायला घेतली. नीटनेटकेपणाचा मला भारी अभिमान. पुष्कळ कार्डांचे कोपरे फाटलेले होते. कार्डं पाठवणाऱ्यांच्या घरची मृत्यूची पत्रं मिसळली असतील, असं समजून मी ती न वाचताच चुलीत घातली.

उन्हाळ्यात जवळच्याच गावचे गुलाबराव आले. मागे एकदा पेटी पाहायला आले, तेव्हा त्यांच्या शिवारात खारं पाणी असल्याचं कार्ड सापडलं नाही, म्हणून निश्चिंत होऊन गेले होते. "बाई, तीस हात गेलो. घरचे समदे लागलो. खारं लागलं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी अमरावती गाठली. दौलतभाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून जाळले?"

"घरात ठेवत नाहीत ना..."

"इहीर मेली, खारी निंगाली का मी तिच्या कार्डाचा कोपरा फाडो. मेलेली इहीर पह्यले दाखवा लागते, बाई. कोपरा फाटलेलं फेकाचं नसते." सांगायचं राहिलं, ही आपलीच चूक, असंही म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मग दोन दिवस ते आठवून आठवून सांगत गेले आणि मी नवी कार्डं लिहून एकेकाचा कोपरा फाडत गेले. जेवढी आठवली तेवढी झाली. बाकीची गेली.

परवा गुलाबराव पुन्हा आले, नवी जागा बघायला. कार्डं चाळता चाळता भातकुलीच्या गठ्ठ्यात मी ठेवलेलं हे अमरावतीचं कार्ड त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी सावकाश वाचलं.

"बाई, हे तं मानसाचं हाय. फेकाचं राह्यलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "कोपरा फाटलेला आहे ना."

त्यांनी ते जागच्या जागी ठेवलं.