दारामागची झांज

आमच्या भजनाची तबकडी मी अजून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. काळी, जड, काठाला टवका गेलेली. दोन बाजू, एकेक साडेतीन मिनिटांची. गावी, देवबागेत, तासन् तास चालणारं भजन साडेतीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे मोठा पडाव मोडून होडगं करायचं, असं आमच्या मंडळाचे बुवा म्हणाले होते. पण मी ऐकतो कुणाचं!

बुवा गायचे, पेटीही त्यांचीच. मी मृदंगावर. माझा थोरला भाऊ, दादा, झांजेवर. त्याची झांज चांगली जाड काशाची, आजोबांच्या वेळची. दादा रापणीवरचा माणूस, किनाऱ्यावर जाळ्याचे दोर ओढून ओढून हातांना घट्टे पडलेले. मी मुंबईला छापखान्यात कामाला. वर्षातून दोनदा गावी यायचो आणि येताना शहाणपण घेऊन यायचो. तबकडीचं खूळ माझंच. तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाला मीच गाठलं आणि मंडळाला आगबोटीने मुंबईला मीच आणलं.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. देवळापर्यंतही जाणं होत नव्हतं. निघताना दादा तिच्या उशाशी बसला. "आये, आता तुका खाटल्यार पडान माझी झांज आयकाक गावतली." आईला खाटेवरून झांज ऐकायला मिळेल, त्याला तबकडीचं एवढंच कौतुक होतं.

स्टुडिओच्या भिंतींना जाड कापड लावलेलं. आम्ही पहिला गजर धरला आणि काचेमागचा साहेब कानांवर हात ठेवून बाहेर आला. झांजेने त्याच्या यंत्रावरचा आवाजाचा काटा पार टोकाला जाऊन आपटत होता. "या माणसाला लांब बसवा." दादा कोपऱ्यात गेला. तरी काटा आपटेच. मग साहेब म्हणाला, दाराबाहेर उभं करा, दार जरा किलकिलं ठेवा. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी "चालेल" म्हणालो. दादा झांज उचलून बाहेर गेला.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. जाणता माणूस नारळ ठेवून देवाला साकडं घालतो, प्रत्येक मागणं "म्हाराजा"वर टेकवतो आणि जमलेली सगळी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. पाळण्यातलं पोर बोलायला लागतं तेही हेच ऐकत. बुवांनी पदाचं शेवटचं कडवं त्याच चालीवर बांधलं होतं. म्हणून मी सगळ्यांना बजावलं, "इथे कुणी उत्तर द्यायचं नाही. लाल दिवा आहे तोवर मुकाट बसायचं."

तीनदा काही ना काही बिघडलं. चौथ्यांदा सगळं कसं जमून आलं. बुवांनी शेवटची ओळ "म्हाराजा"वर आणली आणि दारामागून, समुद्रावर हाक मारावी तशा आवाजात, दादा ओरडला, "व्हय म्हाराजा!"

दिवा विझला. आमची वेळ संपली होती, दुसरी पार्टी दारात उभी होती. साहेब म्हणाला, असू दे, हेच ठेवू. माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन सगळ्यांदेखत दादाला म्हणालो, "शिरा पडली तुझ्या तोंडार! सगळ्याची माती केलंस!"

ही शिवी आमच्याकडे बाजारात मासे विकताना बायका दिवसातून वीसदा हसत देतात. मी ती हसत दिली नव्हती, आणि थोरल्या भावाला दिली होती.

"आपसूक गेला रे तोंडातसून," दादा म्हणाला. "देवाक गाऱ्हाणा घातल्यार गप कसो रवू?" त्याने झांज पंच्यात बांधली.

तबकडी आली तेव्हा दुकानदाराचा फोनो मागून आणून आईच्या खाटेशी लावला. आई कान देऊन पडली होती. "झांज खंय आसा रे?" झांज नव्हतीच, दारामागून नुसती किणकिण. शेवटी दादाची हाक आली आणि आईने लेकाचा आवाज ओळखून हात वर केला. "ह्यो माझो झील!"

"त्यानेच घाण केली," मी म्हणालो. दादा उंबऱ्यात उभा होता, तो होडीकडे निघून गेला.

बाजारातल्या हॉटेलात तबकडी वाजली की चहा पिणारी माणसं दादाबरोबर हाक द्यायची. देवळात मात्र गाऱ्हाण्याला अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे, आणि दादाचं तोंड मिटलेलं. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि सुट्टी संपताच मुंबईला परतलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी मुंबईत एका रविवारी मी ती तबकडी एकटाच लावून बसलो, बोटाने मांडीवर ताल धरून. दादाची हाक बरोब्बर समेवर पडली होती. तिच्यानंतर मृदंगाच्या दोन मात्रा रिकाम्या होत्या. रागाने हात माझा चुकला होता.

शिमग्याला गावी जाईन तेव्हा समोर बसून सांगीन, असं ठरवलं. पत्र टाकता आलं असतं. टाकलं नाही, कसला मेला मानपान! शिमग्याआधी तार आली. दादाला तापाने चार दिवसांत नेलं होतं.

बाराव्यानंतर आईनेच फोनो आणायला लावला. दादाची हाक झाली आणि मला राहवलं नाही. "आये, चुकलो तो मी. दादा नाही. माझा हात चुकला."

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"माका तेवाच कळलेला," ती म्हणाली. "माका कित्याक सांगतंस? त्येका सांगूचा होता."